जो बांधेल तोच सोडेल

त्या बस डेपोत शिरलं की उजव्या हाताला वर्कशॉपची लांबलचक भिंत लागायची, आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला एक लाल फडकं. नव्या माणसाला वाटायचं, कोणीतरी धुणं वाळत घातलंय आणि विसरून गेलंय. पण ते धुणं नव्हतं, तो डेपोचा कायदा होता. बसबद्दल कोणालाही शंका आली, मग तो ड्रायव्हर असो, मिस्त्री असो, काचा धुणारा असो नाहीतर झाडणारी बाई असो, त्याने खिळ्यावरचं फडकं काढायचं आणि त्या बसच्या स्टिअरिंगला बांधायचं. फडकं बांधलेली बस जागची हलायची नाही. आणि ते सोडायचं कोणी, तर ज्याने बांधलं त्यानेच. साहेबांनीसुद्धा नाही.

हा कायदा आणला लंगड्या मिस्त्रीने. तो लंगडा झाला त्याच डेपोत. बसखाली झोपून काम करत होता, आणि घाईतल्या एका ड्रायव्हरने वर चढून बस सुरू केली. पाय गेला तो गेला, वर ड्रायव्हर म्हणाला, "मला काय माहीत खाली कोण आहे." हॉस्पिटलातून परत येताना मिस्त्रीने काखेत तिथलं लाल ब्लँकेट आणलं. विचारून आणलं नव्हतं. "पाय ठेवून घेतलात, ब्लँकेट तरी द्या," असं तो म्हणायचा. त्याच ब्लँकेटच्या त्याने पट्ट्या फाडल्या आणि भिंतीत खिळे ठोकले.

मावशी डेपोत झाडायला आली तेव्हा मिस्त्री कुबडीवर उभा राहून सगळ्यांना धाक घालत होता. मावशी तेव्हा ऐन तरुण होती, नवरा नुकताच तापाने गेलेला, पोर कडेवर. तरी पहिल्याच दिवसापासून ती सगळ्यांची मावशी झाली. झाडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार. शाळेत ती जोडाक्षरं येईपर्यंत गेली होती. जोडाक्षरं आली आणि शाळा सुटली. त्यामुळे डेपोतल्या पाट्या तिला अर्ध्याच वाचता यायच्या, आणि वाचून होईपर्यंत पाटीखालून बस निघून गेलेली असायची. पण लाल फडकं वाचायला शाळा लागत नाही.

पहिलं फडकं तिने अगदी साध्या कारणाने बांधलं. एका बसमधला धरायचा दांडा वरून सुटलेला दिसला, एवढंच. बांधलं आणि मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली, शाबासकी मिळेल म्हणून. मिस्त्री म्हणाला, "शाबास म्हणणार नाही. शाबास म्हटलं तर उद्या शाबासकीसाठी बांधशील. पण दिसून नाही बांधलंस, तर मात्र माझ्याशी गाठ आहे."

एक दुसरा कायदाही होता. तो कोणी बोलून दाखवला नव्हता, मिस्त्रीच्या डोळ्यांकडे पाहून कळायचा. फडकं बांधणाऱ्याला हसायचं नाही. बस तपासली आणि काही निघालं नाही, तर बांधणाऱ्याने गाठ सोडायची, बस निघायची, आणि विषय संपला.

मिस्त्री निवृत्त झाला, पुढे वारलाही. ब्लँकेट विरलं. नवी फडकी आली, ती मावशीच आठवड्याला घरी नेऊन धुवायची. ग्रीस, काळं तेल, बोटांचे ठसे. धुतल्यावर बादलीतलं पाणी असं व्हायचं की त्यात चेहरा बुडवला तर ओळख पटायची नाही. कडेवरचं पोर मोठं झालं, आणि आईच्या नाकावर टिच्चून त्याच डेपोत ड्रायव्हर झालं. मावशीला ते डॉक्टर व्हायला हवं होतं. सगळ्यांच्याच आयांना हवं असतं.

मग बॅटरीच्या बस आल्या.

मावशी काही नव्याला नाकं मुरडणारी नव्हती. उलट सगळ्यांत जास्त खूश तीच झाली. आयुष्यभर तिने धुराच्या बस झाडल्या होत्या. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. डेपोच्या भिंती कितीही पुसल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तव्याच्या पाठीसारख्या काळ्याकुट्ट. नव्या बस आल्या आणि तिचा जुना खोकला आपोआप पळाला. सून म्हणाली, "आई, तुम्ही खोकत नाही म्हणून घर सुनं सुनं वाटतं."

बसबरोबर कंपनीचा एक माणूस शिकवायला आला. त्याने झाडणाऱ्यांनाही बसवून सांगितलं, ही गोष्ट मावशीला फार आवडली. तो म्हणाला, "बॅटरीत बिघाड झाला तर धूर नंतर येतो, वास आधी येतो. गोडसर, नाकात चढणारा. नेलपॉलिशसारखा. तसा वास आला तर थांबू नका, कोणाला विचारत बसू नका."

मावशीने ते मनात पक्कं केलं. आणि एका भर दुपारी, एका बसमध्ये मागच्या बाजूला झाडताना, तिला तो वास आला. गोडसर, नाकात चढणारा. तिने झाडू तिथेच टाकला, फडकं आणलं आणि बांधलं.

पुढे जे रामायण झालं ते सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. बस ओढत नेऊन मोकळ्या मैदानात उभी केली. आगीचा बंब आला. आजूबाजूच्या बसही बाहेर काढल्या, त्यामुळे शहरभर थांब्यांवर माणसं उन्हात ताटकळली. कंपनीची माणसं आली, त्यांनी बसचा तळ उघडला, बॅटऱ्या उघडल्या, तारा तपासल्या. दुसऱ्या दिवशी त्यातला एक जण हातमोजा घातलेल्या चिमटीत काहीतरी धरून आला. शेवटच्या सीटमागच्या फटीत पडून फुटलेली एक इवलीशी गुलाबी बाटली. कोणीतरी चालत्या बसमध्ये नखं रंगवत होती आणि बसने गचका दिला होता.

वास नेलपॉलिशसारखा नव्हता. तो नेलपॉलिशचाच होता.

डेपो असा हसला की चार्जिंगच्या तारासुद्धा हलल्या असतील. 'मिशी' नावाचा एक ड्रायव्हर होता. नाव त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "मावशी, तुझ्या नाकाला मानलं. पण रंगही सांगितला असतास तर बंब बोलवायची गरज पडली नसती." पहिल्या दिवशी मावशीही हसली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. मग तिच्या झाडूंच्या कपाटावर कोणीतरी रोज एक रिकामी बाटली ठेवू लागलं, आणि "वास आला का गं" हे तर येताजाता. लंगड्या मिस्त्रीचा दुसरा कायदा त्या दिवसांत मोडला. तो मोडला तेव्हा काही आवाज झाला नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

साहेबांनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये जमवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपा गेला असता.

"हे बघा," ते म्हणाले, "मावशींनी चांगल्या मनानेच केलं. पण शहरात आता बोंब झालीये की नव्या बस पेट घेतात. अजून एकदा असं झालं तर लोक म्हणतील, आमच्या धुराच्या बस आम्हाला परत द्या. तुम्हाला पुन्हा तो धूर हवाय का, मावशी?"

"नको."

"मग? फडकी भिंतीवर राहू द्या. बाहेरून तपासायला येतात त्यांना बरी दिसतात. पण बांधण्याआधी मला विचारायचं. मी हो म्हटलं तर बांधायचं."

"साहेब," मावशी म्हणाली, "ज्या बसबद्दल बोलायची चोरी, तिच्यावर लोकांचा भरवसा कसा बसणार?"

"मावशी, हे तुमचं काम नाही."

"झाडणं माझं काम आहे. नाक घरी ठेवून येऊ का?"

काही जण हसले. साहेबांनी सभा संपवली.

पुढच्या आठवड्यात मावशीने फडकी धुवायला घरी नेली. बादलीत घातली, चोळली, आणि थांबली. पाणी जसंच्या तसं. स्वच्छ, नितळ, पिता येईल असं. पुन्हा एका आठवड्याने तेच. बायका पाणी स्वच्छ राहिलं की खूश होतात. मावशीने एकेक फडकं उलटंपालटं करून डाग शोधले. एवढ्या बस, एवढे खड्डे, एवढे उतार, आणि एकालाही शंका आली नाही? त्यापुढच्या आठवड्याला तिने फडकी न धुता, कोरडीच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"धुण्यासारखं काही नाही त्यांच्यात."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग छानच की. नव्या बस बिघडतच नाहीत."

"घरात ताप मोजायचं बंद केलं साहेब, की घरात कोणी आजारी नसतं."

साहेबांनी फोन उचलला. मावशीने फडकी उचलली आणि जाऊन एकेका खिळ्याला लावली.

आता घरची गोष्ट. घर म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या. खिडकीशी एक छोटं टेबल, त्यावर तिघं दाटीवाटीने जेवायची: मावशी, लेक आणि सून. एका संध्याकाळी जेवताना मावशीला टेबलाखाली काहीतरी हलल्यासारखं वाटलं. वाकून पाहिलं तर लेकाचा उजवा पाय. घास तोंडात, नजर भिंतीवर, आणि पाय जमीन दाबतोय. दाबतोय, सोडतोय, पुन्हा दाबतोय.

"काय रे, कोणाला तुडवतोयस?"

"कुठे काय," म्हणून त्याने पाय मागे घेतला.

सुनेने भाजी वाढता वाढता सांगून टाकलं. "झोपेत माझ्या पायाला ब्रेक मारतात, आई. माझी नडगी निळी झालीये."

लेकाने बायकोकडे असं पाहिलं की दुसऱ्या बाईने डोळे खाली घातले असते. तिने आणखी भाजी वाढली. मग हळूहळू बाहेर आलं. डेपो टेकडीवर होता. सकाळी पहिली फेरी निघाली की लगेच बाजाराकडे जाणारा मोठा उतार. बॅटरी पूर्ण भरलेली असली की ही बस उतारावर स्वतःहून वेग आवरत नाही, पायानेच ब्रेक दाबावा लागतो, हे ड्रायव्हरांना शिकवलेलं होतं. त्याचं काही नाही.

"मी दाबतो गं. पण दाबल्यावर ती एक क्षण विचार करते."

"बस विचार करते?"

"हो ना. आणि मग डावीकडे ओढते. थोडीशीच. दुपारी नाही, फक्त सकाळी. मला वाटतं, माझाच भास असेल."

"चष्मेवाल्याला सांगितलंस?" वर्कशॉपचा आताचा मिस्त्री जाड भिंगांचा चष्मा लावायचा.

"सहज बोललो. म्हणाला, नवी गाडी आहे, सवय होईल."

"आणि फडकं?"

लेकाने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "तुला हसले ते कमी झालं का? उद्या म्हणतील, आईने नेलपॉलिश काढलं, आता पोराने लिपस्टिक काढली."

सून हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. ती त्याच बसने कामाला जायची, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. हे तिघांनाही माहीत होतं, आणि तिघांपैकी कोणीच ते बोललं नाही.

"आई," लेक हलक्या आवाजात म्हणाला, "तूच बांध ना उद्या. तुला तसंही हसतातच. एकदा अजून हसतील."

मावशीच्या जिभेवर 'बरं' आलंच होतं. पोराच्या वाटचं हसं आईने घ्यायचं, त्यात काय मोठं. त्याच्या वाटचे टक्केटोणपे खातच तर तिने त्याला वाढवलं होतं. पण घास गिळेपर्यंत तिने विचार केला. तिने बांधलं तर चष्मेवाला विचारणार, मावशी, काय झालं? ती काय सांगणार? तिचा पाय कधी त्या पॅडलवर गेला नव्हता. मग ते बस डेपोतल्या सपाट जागेवर फिरवून बघणार, काही दिसणार नाही, सगळे म्हणणार, आली का मावशी पुन्हा. गाठ सोडावी लागणार. आणि बस तपासून झाली, ठीक आहे, असं म्हणून परवा सकाळी तीच बस घेऊन हा त्याच उतारावर. तेव्हा तर त्याला तोंड उघडायलाही जागा राहणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "पाय तुझा, शंका तुझी. माझ्या गाठीला तुझ्या पायातलं काय कळणार?"

"म्हणजे स्वतःच्या पोरासाठी एवढं नाही करणार?"

"पोरासाठीच करत नाहीये."

तो ताट अर्धवट टाकून उठला आणि आतल्या खोलीत गेला. सुनेने त्याचं ताट झाकून ठेवलं. "बांधलं असतं तुम्ही, तर जेवून तरी उठले असते."

"जेवला असता गं. पोटभर जेवला असता. म्हणूनच नाही म्हटलं."

सकाळी मावशी नेहमीसारखी लवकर डेपोत पोचली आणि लेकाच्या बसशेजारची बस झाडायला घेतली. तिथे झाडण्यासारखं काही नव्हतं, आदल्या संध्याकाळीच झाडली होती. लेक आला. आईकडे पाहिलं नाही. चार्जिंगची तार काढली, वर चढला, बसला. मग उतरला आणि भिंतीकडे चालू लागला. मावशीने झाडू थांबवला. तो खिळ्यांपाशी गेला, आणि सरळ पुढे नळावर जाऊन पाणी प्यायला. परत येतानाही खिळ्यांवरून गेला, जणू भिंत कोरीच आहे. पुन्हा वर चढून बसला.

मावशी एकच जागा झाडत राहिली. तोंडातून एक शब्द काढायचा नाही म्हणून तिने दातांवर दात दाबले होते. आईला गप्प बसायला सांगणं म्हणजे पाण्याला वर चढायला सांगणं. तरी ती बसली.

बस सुरू झाल्याचा हलका आवाज आला. मग बंद झाल्याचा. लेक खाली उतरला, तरातरा चालत गेला, फडकं ओढून काढलं आणि येऊन स्टिअरिंगला बांधलं. आयुष्यात पहिल्यांदाच बांधत होता. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, जसं काही बैल बांधतोय.

बघता बघता माणसं जमली. साहेब चहाचा कप हातात घेऊनच आले.

"कोणी बांधलं?"

"मी."

"मला विचारलंस?"

"नाही."

"आज काय आहे? अत्तर?"

हशा पिकला. लेकाचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. "ब्रेक उशिरा धरतो. डावीकडे ओढते. सकाळीच, उतारावर."

"चष्मेवाले, तुम्हाला काही माहीत आहे?"

चष्मेवाल्याने चष्मा पुसला. "बोलला होता. कॉम्प्युटरवर तर काही दाखवत नाही."

"झालं तर मग. सोड ते. खाली थांब्यावर माणसं उभी आहेत."

"नाही सोडत."

साहेब मिशीकडे वळले. "तुम्ही न्या ही बस. फडकं काढा आणि निघा."

मिशीने एकदा बसकडे पाहिलं, एकदा त्या बैलगाठीकडे. आतापर्यंतचा सगळ्यांत मोठा हसणारा तो. पण अंगात जुन्या मिस्त्रीची शिकवण होती. "मला नका सांगू साहेब," तो म्हणाला. "गाठ माझी नाही."

साहेबांनी कप कोणाच्या तरी हातात दिला आणि स्वतः बसची पायरी चढले. गाठीला हात घातला. तेव्हा मावशी झाडू घेऊन मागोमाग वर चढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"साहेब, हात काढा."

आवाज चढवला नव्हता. साखर कुठे ठेवलीये सांगावं तशा आवाजात म्हणाली. 

"मावशी, पोराची बाजू घ्यायची जागा नाही ही."

"पोराची नाही घेत. तो चुकलाही असेल. मीही चुकले होते. बाटली निघाली, अख्खा डेपो हसला, मी अजून जिवंत आहे. पुन्हा वास आला तर पुन्हा बांधेन. पुन्हा बाटली निघाली तर पुन्हा हसा, पोट दुखेपर्यंत हसा. पण चुकायचीच ज्याला भीती वाटते तो खरं असलं तरी बांधणार नाही. मी फडकी धुते साहेब. महिनाभर त्यांना बोट लागलेलं नाही. बस चांगल्या आहेत म्हणून नाही. हे सगळे मूग गिळून बसलेत म्हणून."

"तुमची नोकरी जाऊ शकते, कळतंय का?"

"जाऊ दे. धूळ सगळीकडे आहे. झाडू कुठेही मारता येतो."

साहेबांचा हात गाठीवरच होता. खालची सगळी माणसं त्या हाताकडे बघत होती. त्यांना काय वाटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. कदाचित पटलंही नसेल. पण हात त्यांनी काढला. "दुसरी बस पाठवा थांब्यावर," म्हणाले, "आणि हिचं चाक खोला. काही निघालं नाही तर दोघांनाही बघतो."

चष्मेवाल्याने बस घसरू नये म्हणून मागच्या चाकांना लाकडाची उटी लावली, पुढे जॅक चढवला, चाक उतरवलं. डावीकडे सगळं ठीक. उजवीकडचं उतरवलं आणि तो आत डोकं घालून बोटांनी काहीतरी हलवून बघू लागला. मग म्हणाला, ब्रेकची पकड गंजून अडकतेय, या बाजूला धरायला वेळ घेते, म्हणून बस डावीकडे ओढते. या बस बहुतेक वेळा बॅटरीच्या जोरावरच हळू होतात, ब्रेक फारसा वापरलाच जात नाही, आणि न वापरलेलं लोखंड आळशी होतं.

"धोका होता का?" साहेबांनी विचारलं.

"लगेच काही झालं असतं असं नाही. महिनाभर चालली असती. वर्षभरसुद्धा, कदाचित."

"बघा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

"आणि आज सकाळपर्यंतच?" मावशीने विचारलं.

चष्मेवाल्याने हात पुसले. "तेही कदाचित." आणि कोणी सांगायच्या आत शेजारच्या बसच्या चाकाला जाऊन जॅक लावला.

काम झाल्यावर गाठ सोडायला लेकाला भारी वेळ लागला. शेवटी दातांनी सोडली. मिशी म्हणाला, "पुढच्या वेळी मला बोलव रे, बांधायला शिकवतो." मग मावशीकडे बघून मिशीवरून बोट फिरवलं. माफी मागायची त्याची तेवढीच ताकद होती.

पण साहेब ते साहेब. चार लोकांत बाईमाणसाने हात काढा म्हटलेलं कोणाला पचतं? दुसऱ्या दिवशी हुकूम आला. मावशीने बसना हात लावायचा नाही, यापुढे फक्त ऑफिस झाडायचं. फडक्यांबद्दलचा हुकूमही तसाच, आधी विचारायचं.

लेक तोंड पाडून म्हणाला, "आई, माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे पंख्याखाली बसायला मिळणार आहे मला. रडतोस काय?" ती म्हणाली. पण बादली घेऊन ऑफिसच्या पायऱ्या चढताना तिने बसच्या रांगेकडे एकदा पाहिलंच. आयुष्य गेलं होतं तिचं त्या रांगेत.

ऑफिस म्हणजे काचेच्या भिंतीची खोली. बाहेरून आतलं दिसायचं आणि आतून बाहेरचं. साहेब यायचे होते. मावशीने टेबल पुसलं, खिडकी पुसली, आणि खुर्चीखालचं पुसायला वाकली. साहेबांची खुर्ची चाकांची होती, गोल फिरणारी. फोनवर बोलताना साहेब तीत मागे रेलायचे, इतके की बघणाऱ्याचा जीव वर यायचा. मावशीने वाकून पाहिलं तर खुर्चीच्या एका पायाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

तिने तड्यावरून बोट फिरवलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, खाली वर्कशॉपच्या भिंतीपाशी गेली, एक फडकं घेतलं, वर आली आणि खुर्चीच्या हाताला बांधलं. साधी, सरळ गाठ.

साहेब आले. खुर्चीकडे पाहिलं. मावशीकडे पाहिलं. काचेबाहेर मिशी थबकला, त्याच्यामागे चष्मेवाला, मग तिकीटवाल्या दोघी. कोणी आत आलं नाही, कोणी गेलंही नाही.

"हे काय आहे, मावशी?"

"शंका."

"मला विचारलं का?"

"नाही."

साहेब गाठीपाशी गेले. एका बोटाने सुटली असती इतकी ढिली होती. ती त्यांनी सोडली असती, तर भिंतीवरची बाकीची सगळी त्याच दिवशी नुसती फडकी झाली असती. हे मावशीला माहीत होतं, काचेबाहेर सगळ्यांना माहीत होतं. आणि तडा त्यांना अजून दिसलेला नव्हता. खुर्ची वरून ठणठणीत दिसत होती.

"सोडा हे," ते म्हणाले.

"मिस्त्रीला दाखवा आधी. मग सोडते."

साहेबांनी हात वर केला. मग तोच हात टेबलावर ठेवला, एक कागद उचलला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. कागदावर एवढं काय होतं कोण जाणे. शेवटी मान न वळवता, काचेबाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "चष्मेवाले, तुमची हत्यारं घेऊन आत या."

मावशीने बादलीतलं पोतेरं पिळलं आणि खाली वाकली. साहेब उभे होते, खुर्ची रिकामी होती. एरवी ते हललेच नसते. आज तिथली फरशी तिला कोपऱ्यापर्यंत नीट पुसता आली.